मोइनाच्या बीकरात केळी आणि कपाशी : पावसाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४, जळगाव

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प. अर्जावर मी विषय लिहिला होता: ‘औषधे व साबणांतील रसायनांच्या मिश्रणाचा गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांवर परिणाम’. मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, “हे मिश्रण कुठल्या पाण्यातलं? कुणी केलं, कधी केलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. डायक्लोफेनॅक, ट्रायक्लोसॅन, कार्बामॅझेपिन ही नावं मी वाचलेल्या निबंधांतून उचलली होती. पाण्यातल्या नव्या प्रदूषकांची यादी करायला बसलं की पहिल्यांदा हीच हाताशी येतात.

मॅडम म्हणाल्या, “यादी वाईट नाही. पण आधी एक खरं मिश्रण बघून ये. मग लिही.”

अर्ज परत घेतला. रविवारी गावी जायचं ठरवलं.

२१ जुलै, गावी (चोपडा तालुका)

विदगावच्या पुलावरून तापी बघितली. गढूळ, भरून चाललेली.

आबा सकाळी सहालाच केळीच्या बागेत होते. करपा आला आहे. खालच्या पानांवर पिवळे-तपकिरी ठिपके, काही पानं कडेनं वाळलेली. पाठीवर १५ लिटरचा चार्जिंगचा पंप. लिटरला एक मिली प्रोपिकोनॅझोल २५ ईसी (ईसी म्हणजे पाण्यात मिसळणारं द्रावण, आकडा औषधाचा टक्का), १० मिली मिनरल ऑईल, वर थोडं पानाला औषध चिकटवणारं स्टिकर. दहापर्यंत बाग झाली. पंपाच्या तळाला राहिलेलं औषध आबांनी बांधाखालच्या नाल्यात ओतलं, दोन वेळा पाणी घालून हलवलं, तेही ओतलं. जेवण झालं. दुपारी त्याच पंपात सायपरमेथ्रीन १० ईसी भरून कपाशीत शिरले. संध्याकाळी तोच पंप त्याच दगडावर बसून धुतला.

मी विचारलं, पंप दुसरीकडे का धूत नाही?

“नाला जोडे शे. पानी आखो कथाईन आनू?”

त्यात चुकीचं काही नव्हतं. दिवसभर पाठीवर ओझं वाहिलेला माणूस जवळचंच पाणी वापरणार. मी लहानपणापासून हे बघत आले आहे आणि आजवर एकदाही त्या दगडाजवळ थांबून विचार केला नव्हता. त्याच दगडापासून चाळीस पावलांवर नाला पाझर तलावाला मिळतो. मॅडमनी विचारलं होतं ते मिश्रण तिथे होतं: कुणी केलं, कधी केलं, दोन्हींची उत्तरं माझ्या घरातली.

२४ जुलै

विषय बदलला. प्रोपिकोनॅझोल आणि सायपरमेथ्रीन.

ही जोडी घेण्यामागे कारण आहे, ते इथे नीट लिहून ठेवते, कारण तोंडी परीक्षेत हेच विचारतील.

सायपरमेथ्रीन हे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक. ते मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो आणि कीटक लुळा पडतो. पाण्यातले कवचधारी जीव कीटकांचे जवळचे नातेवाईक, त्यामुळे त्यांनाही तोच मार. डॅफ्निया या पाणपिसवेसाठी लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्या आतच ते घातक ठरतं.

प्रोपिकोनॅझोल बुरशीनाशक. बुरशीच्या पेशीभिंतीच्या आतलं आवरण ज्या एर्गोस्टेरॉलवर उभं असतं, ते बनवणारं एक विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं. हे विकर सायटोक्रोम पी-४५० घराण्यातलं. आता या घराण्याचीच भावंडं प्राण्यांच्या शरीरात वेगळं काम करतात: आत आलेलं विष फोडून बाहेर टाकायचं. अॅझोल गटातली बुरशीनाशकं तीही रोखतात. म्हणजे एकटं प्रोपिकोनॅझोल त्या जीवाला फारसं काही करत नाही, पण सायपरमेथ्रीन आलं की ते फोडणारे हात बांधलेले असतात. एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं मारायचं, तसं.

हे माझं डोकं नाही. पायरेथ्रॉइड आणि अॅझोल यांची ही गाठ डॅफ्नियावर आधीच दाखवली गेली आहे. कोपनहेगन विद्यापीठातल्या नीना सेडरग्रीन यांनी २०१४ मध्ये अशा प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. दोन-दोन कीडनाशकांची १९४ मिश्रणं त्यांनी तपासली; त्यांत सुमारे ७ टक्क्यांमध्येच परिणाम बेरजेपेक्षा ठळकपणे जास्त निघाला. आणि जिथे निघाला तिथे बहुतेक वेळा एक तर अॅझोल होतं, नाहीतर कोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाचं विकर रोखणारं कीटकनाशक. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. मिश्रण म्हटलं की भलतंच काही घडतं असा समज माझाही होता. बहुतेक मिश्रणं सरळ बेरीज करतात.

अॅझोल फक्त शेतात नाहीत हेही आज लक्षात आलं. आई नायट्यावर लावते त्या मलमात क्लोट्रिमॅझोल आहे. तेही याच गटातलं, आणि आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जातं. युरोपीय संघानं २०२० मध्ये पाण्यावर लक्ष ठेवायच्या पदार्थांची जी यादी काढली, तिच्यात अॅझोल औषधं आणि अॅझोल बुरशीनाशकं एकाच गटात घातली आहेत. क्लोट्रिमॅझोल आणि टेब्युकोनॅझोल शेजारी शेजारी. पाण्यातल्या जीवाला ते दवाखान्यातून आलं की बागेतून, याच्याशी काही देणंघेणं नाही.

२९ जुलै

जीव कोणते घ्यायचे? परदेशातल्या चाचण्या डॅफ्निया मॅग्नावर उभ्या आहेत. तो चांगला पाच मिलिमीटरपर्यंत वाढणारा, थंड प्रदेशातला. आमच्या तलावात तो नाही. आमच्याकडे त्याचाच भाऊबंद, मोइना नावाची पाणपिसू सापडते, एक मिलिमीटरच्या आतबाहेर. गुरं बसतात त्या डबक्यात पहाटे जाळी फिरवली की हमखास येते. सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याला चोच नाही आणि पुढे दोन लांब शृंगिका, एवढ्यावर ओळख पटते. जातीचं नाव मॅडम पक्कं करणार आहेत.

आईनं बाटली उजेडात धरून बघितली. “हाई काय शे वं? डासनी पिल्लं पाळी राहिनी का?”

मी तिला भिंगातून एक मादी दाखवली. पाठीच्या पिशवीत पिल्लं वळवळताना दिसत होती. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हिला खायला काय देतेस?

हिरवं पाणी आणि चिमूटभर यीस्ट. यीस्ट जास्त झालं की पाणी नासतं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

६ ऑगस्ट

वाढ जमते आहे. नर नसतानाही माद्याच माद्यांना जन्म देत राहतात. अन्न कमी पडलं किंवा गर्दी झाली की मगच नर येतात आणि काळपट खोगिरासारखं टणक अंड्याचं कवच दिसू लागतं. तसं कवच दिसलं की त्या भांड्यातले जीव चाचणीला घ्यायचे नाहीत, असा नियम ठेवला आहे.

चाचणीचं पाणी स्वतः बनवते. एक लिटर शुद्ध पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ९६ मिलिग्रॅम, कॅल्शियम सल्फेट ६०, मॅग्नेशियम सल्फेट ६०, पोटॅशियम क्लोराइड ४. रात्रभर हवा सोडायची. गावच्या बोअरचं पाणी वापरलं असतं तर सोपं गेलं असतं, पण त्यात आणखी काय आहे हे मला माहीत नाही, आणि मिश्रणाच्या प्रयोगात अनोळखी पाहुणा परवडत नाही.

११ ऑगस्ट

घरी कानबाई बसली आहे. आई फोनवर रोटाचं सांगत होती, मागे गाणी ऐकू येत होती. मला जाता आलं नाही, कारण पहिली ४८ तासांची चाचणी चालू आहे. चाचणी कसली, नुसती तालीम: औषध नाही, फक्त स्वच्छ पाण्यात २० पिल्लं ठेवून ती टिकतात का हे बघायचं. टिकायला हवीत. स्वच्छ पाण्यातच दहा टक्क्यांहून जास्त पोहायची थांबली तर सगळी चाचणी बाद, असा नियम आहे.

रात्री नऊ वाजता २० पैकी ११ तळाशी.

पाणी पुन्हा बनवलं. पिल्लं दुसऱ्या भांड्यातून घेतली.

१२ ऑगस्ट

सकाळी परत तेच. २० पैकी ८. मी पाण्याला दोष दिला, मग यीस्टला, मग काचेला. सगळी भांडी अॅसिटोननं धुतली.

दुपारी मॅडम प्रयोगशाळेत आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि भिंतीवरच्या प्लगकडे बोट दाखवलं. डास मारायचं लिक्विड मशीन. रात्रीची मोजणी करायला मी बसत होते, डास फोडून काढत होते, म्हणून वसतिगृहातून आणून मीच लावलं होतं. त्यात ट्रान्सफ्लुथ्रिन असतं. पायरेथ्रॉइड.

ज्या गटाचं विष तपासायचं, त्याच गटाचं विष मी दोन रात्री खोलीभर पसरवत होते. जे मेले ते स्वच्छ पाण्यातच होते, पण वरची हवा स्वच्छ नव्हती. घराघरांत रात्रभर चालणारं हे यंत्र मी प्रदूषकांच्या कुठल्याच यादीत धरलं नव्हतं. चूक माझीच. खोली तीन दिवस उघडी ठेवायची, पडदे धुवायचे, टेबलं पुसायची.

१७ ऑगस्ट

स्वच्छ पाणी: २० पैकी ०. ४८ तास. आता पुढे जाता येईल.

२५ ऑगस्ट

पद्धत एकदाची बसली. जन्मून २४ तास न झालेली पिल्लं. प्रत्येक पायरीला २०, पाच-पाचच्या चार बीकरांत. बीओडी इनक्युबेटरमध्ये २५ अंश. खायला काही नाही. ४८ तासांनी बीकर हलकेच फिरवायचा आणि १५ सेकंद बघायचं. जो पोहत नाही तो ‘थांबला’. मेला असं लिहायचं नाही, कारण कधी कधी शृंगिका हलत असतात. हा शब्द वापरताना पहिल्यांदा थोडं जड गेलं. पाय हलवतो आहे पण पोहू शकत नाही, अशा जीवाला खरं तर काय म्हणायचं?

सायपरमेथ्रीननं आठवडा खाल्ला. ते पाण्यात राहायलाच तयार नसतं. प्लॅस्टिकच्या भांड्याच्या भिंतीला चिकटतं, काचेलाही थोडं चिकटतं. सकाळी बनवलेलं द्रावण दुपारी वापरलं तर निम्मेच जीव थांबतात. आता काचेची भांडी, आधी त्याच द्रावणानं विसळलेली, आणि द्रावण बनवल्यापासून अर्ध्या तासात पिल्लं आत. तरीही मी वहीत जो आकडा लिहिते तो ‘टाकलेला’ आकडा आहे, ‘पाण्यात असलेला’ नव्हे. मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. प्रबंधात हे पहिल्याच पानावर येईल.

म्हणून एक ठरवलं: मिलिग्रॅमच्या भाषेऐवजी पायरीच्या भाषेत काम करायचं. सायपरमेथ्रीनची अशी पायरी शोधायची जिथे एकट्यानं पाचातला एक जीव थांबतो. ती सापडली. प्रोपिकोनॅझोल लिटरला अर्धा मिलिग्रॅम: एकट्यानं जवळजवळ काहीच होत नाही.

३१ ऑगस्ट

आज मिश्रण.

स्वच्छ पाणी: २० पैकी ०.
सायपरमेथ्रीन एकटं: ४.
प्रोपिकोनॅझोल एकटं: १.
दोन्ही मिळून: १४.

दोघं एकमेकांच्या वाटेत न येता आपापलं काम करत असते, तर किती थांबायला हवे होते? हा हिशेब ब्लिस यांनी १९३९ मध्ये घालून दिला. पहिल्यानं २० टक्के थांबले, उरले ८०. त्या ८० पैकी ५ टक्के दुसऱ्यानं, म्हणजे ४. एकूण २४ टक्के. वीसमध्ये पाचेक जीव. मला मिळाले १४.

दुसरा हिशेब त्याहून जुना, लोव यांचा, १९२६ पासूनचा. एकाच तऱ्हेनं मारणारी विषं असतील तर एक दुसऱ्याचं पातळ रूप धरायचं आणि प्रमाणं जोडायची. भरतात लवंगी दोन टाकल्या काय किंवा साध्या हिरव्या सहा टाकल्या काय, तिखट जुळतं. माझी दोन औषधं वेगळ्या तऱ्हेनं काम करतात, म्हणून मॅडमनी पहिला हिशेब घ्यायला सांगितलं आहे.

१४ हा आकडा मी तीनदा मोजला. चौथ्यांदा खोलीतल्या मैत्रिणीला मोजायला लावला, तिला बीकरात काय आहे हे न सांगता. तिचेही १४.

२ सप्टेंबर, गावी. पोळा

बैलजोडी आता आमच्याकडे नाही, तरी आबांनी शेजारच्या बैलांना नैवेद्य दाखवला. चुलतभावाला १४ चा आकडा सांगितला, तर त्यानं लगेच मोबाइल काढला: “स्टेटस ठेवतो, ‘केळीच्या औषधानं तलाव विषारी’.” मी त्याला थांबवलं. केळीला भाव आधीच हेलकावतो आहे. एका चाचणीतल्या वीस पाणपिसवांवरून असं वाक्य गावभर फिरलं तर ते परत गोळा करता येत नाही. तो रुसला. रुसू दे.

आबांनी एकच विचारलं, “मासा ते मरनात नहीत ना?”

मासे मेले नाहीत. मासे या प्रमाणात मरणारही नाहीत लगेच. पण माशांची बोटभर पिल्लं हेच खाऊन वाढतात. ते आबांना माहीत आहे. ते स्वतः तलावात जाळं टाकायचे.

४ सप्टेंबर

मॅडमनी आकडे बघितले, खूश झाल्या, आणि मग विचारलं, “बाटलीत प्रोपिकोनॅझोल किती टक्के?”

पंचवीस.

“उरलेले पंच्याहत्तर?”

विद्रावक आणि पाण्यात औषध मिसळावं म्हणून घातलेला साबणासारखा पदार्थ. दुकानातली बाटली म्हणजे स्वतःच एक मिश्रण. सायपरमेथ्रीन काचेला चिकटत होतं ना? मग प्रोपिकोनॅझोलच्या बाटलीतल्या त्या साबणानं ते पाण्यात धरून ठेवलं असेल तर? मग १४ मागे पी-४५० चा काही संबंधच नसेल.

रात्री झोप लागली नाही. रागानं नव्हे. प्रश्न इतका सरळ होता आणि मला सुचला नव्हता.

१८ सप्टेंबर

शुद्ध प्रोपिकोनॅझोलची छोटी कुपी विद्यापीठातल्या एका संशोधक ताईंनी दिली. अॅसिटोनमध्ये विरघळवलं, अॅसिटोन लिटरला ०.१ मिलीच्या वर जाऊ दिलं नाही, आणि नुसत्या अॅसिटोनचा वेगळा बीकर लावला. तीन वेळा चाचणी. आता प्रत्येक गटात ६० जीव.

स्वच्छ पाणी: ६० पैकी १.
नुसतं अॅसिटोन: १.
सायपरमेथ्रीन: ११.
शुद्ध प्रोपिकोनॅझोल: १.
दोन्ही: २९.

ब्लिसच्या हिशेबानं १२ अपेक्षित होते. २९ आले. परिणाम राहिला, पण २० पैकी १४ होता तो आता निम्म्याच्याही किंचित खाली आला. म्हणजे मॅडमचा संशय अर्धा खरा. बाटलीतल्या उरलेल्या पंच्याहत्तर टक्क्यांचंही काही काम आहे. आणि शेतात शुद्ध कुपी कुणी फवारत नाही, बाटलीच फवारतात. दोन्ही आकडे प्रबंधात शेजारी शेजारी जातील.

२० सप्टेंबर

आज बीकर नाही, नुसता कागद-पेन. आणि आजचा दिवस या सगळ्या नोंदींत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न असा घेतला: आबा पंप धुतात तेव्हा नाल्यात खरंच काय जातं?

सायपरमेथ्रीन १० ईसी, लिटरला १ मिली: पंपातल्या प्रत्येक लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. तळाला एक लिटर उरलं असं धरू. ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख मायक्रोग्रॅम. ते पातळ होऊन लिटरला एक मायक्रोग्रॅमवर यायला एक लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे दहा टँकर. पंपाच्या तळाच्या एका लिटरसाठी.

आता प्रोपिकोनॅझोल. २५ ईसी, लिटरला १ मिली: २५० मिलिग्रॅम. त्याच एक लाख लिटरमध्ये ते लिटरला अडीच मायक्रोग्रॅम होतं. माझ्या बीकरात मी ५०० मायक्रोग्रॅम घातलं होतं. दोनशे पट.

म्हणजे नाल्यातल्या त्या दगडापाशी, पंप धुतल्या क्षणी, माझ्या सिद्धांताची गरजच नाही. तिथे सायपरमेथ्रीन एकटंच सगळं संपवायला पुरेसं आहे. आणि जिथे ते सौम्य होतं तितक्या लांब प्रोपिकोनॅझोल माझ्या बीकरापेक्षा फार कमी उरतं.

हे लिहिताना पोटात खड्डा पडला होता. दोन महिने.

मग शांतपणे पुढचा हिशेब केला. दोघं पाण्यात सारखी वागत नाहीत. सायपरमेथ्रीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते गाळाला, शेवाळाला, पानांना जाऊन चिकटतं आणि पाण्यातून लवकर कमी होतं. प्रोपिकोनॅझोल लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि पाण्यात जास्त दिवस टिकतं. करप्याच्या फवारण्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चालू राहतात, एका बागेत नाही, शिवारभर. म्हणजे प्रोपिकोनॅझोल हळूहळू साठणारा पाहुणा आणि सायपरमेथ्रीन अधूनमधून येणारा. तलावात त्यांचं प्रमाण पंपातल्या प्रमाणापेक्षा वेगळं असणार. किती, हे पाणी मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि अंदाजानं मी आकडा लिहिणार नाही. माझ्या हातात आहे ते एवढंच: प्रोपिकोनॅझोल कमी कमी करत जायचं आणि गाठ कुठे सुटते ते बघायचं.

२९ सप्टेंबर

सायपरमेथ्रीन त्याच पायरीवर. शुद्ध प्रोपिकोनॅझोल तीन प्रमाणांत, लिटरला मायक्रोग्रॅममध्ये. प्रत्येकी ६० जीव.

५०० : २८ थांबले.
५० : १६.
५ : १२.
प्रोपिकोनॅझोल नसताना : ११.

५०० ला गाठ पक्की. ५० ला असेल-नसेल; ११ आणि १६ मधला फरक साठ जीवांवरून ठामपणे सांगता येत नाही. ५ ला काही नाही, निदान ४८ तासांत पोहणं थांबण्यापुरतं तरी नाही.

मॅडम म्हणाल्या, हा तक्ता तुझ्या १४ पेक्षा चांगला आहे. मला तसं वाटायला दोन दिवस लागले. आता वाटतं.

४८ तास हा आमच्या सोयीचा काळ आहे, जीवाचा नव्हे, हेही तितकंच खरं. मोइना तीन-चार दिवसांत आई होतो. विष फोडण्यात शक्ती गेली तर पिल्लं कमी होतील का, उशिरा होतील का, हे पोहण्यावरून दिसत नाही. म्हणून ५ आणि ५० वर दहा दिवसांची चाचणी पुढच्या आठवड्यात लावायचं ठरवलं: प्रत्येक बीकरात एक मादी, रोज पाणी बदलायचं, रोज पिल्लं मोजून काढायची.

६ ऑक्टोबर, गावी

आबांना वही दाखवली. तक्त्यात त्यांना रस नव्हता. दहा टँकरचा हिशेब मात्र त्यांनी दोनदा करायला लावला. एक लिटर आणि दहा टँकर. मग म्हणाले, मग मी धुवायचं कुठे?

हे मी विचार करून गेले होते. तळाचं औषध ओतायचंच नाही. भरतानाच शेवटचा पंप मोजून भरायचा. उरलंच तर त्यात पाणी घालून त्याच पिकाच्या कडेच्या ओळीवर फवारून टाकायचं, तीन वेळा. नाल्याकडे पंप न्यायचा नाही. धुवायला पाण्याचा ड्रम बांधावर ठेवायचा.

ड्रम भरून बांधापर्यंत कोण आणणार, हा प्रश्न उरतोच. मजूर संध्याकाळी साडेपाचला निघतो. मी आठवड्यातून एक दिवस घरी असते. आबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गोठ्यामागे एक निळा ड्रम पडून आहे, तो त्यांनी पायानं उलटवून बघितला. तळाला चीर आहे.

१४ ऑक्टोबर, जळगाव

दहा दिवसांच्या चाचणीचा सातवा दिवस. स्वच्छ पाण्यातल्या माद्यांची तिसरी वीण झाली. ५० वाल्यांची दुसरी चालू आहे. ५ वाल्या मधे कुठेतरी. दोन बीकर स्वच्छ पाण्याबरोबर, बाकीचे मागे. दहा माद्यांवरून आज काही लिहिणार नाही. तीन दिवस बाकी आहेत आणि नंतर हीच चाचणी पुन्हा लावायची आहे.

सकाळी गावाकडून शेजारचे नाना एसटीनं आले, दवाखान्याचं काम होतं. माझ्यासाठी तलावाचं पाणी घेऊन आले होते, आबांनी सांगितलं म्हणून. रिकाम्या मिनरल ऑईलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. डबा स्वच्छ धुतलाय, म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि ते पाणी वापरता येणार नाही हे सांगितलं, का ते पण सांगितलं. मग कपाटातून दोन काचेच्या बाटल्या काढून दिल्या, अॅसिटोननं विसळून वाळवलेल्या, झाकणाखाली फॉइल लावलेल्या. पहाटे भरा, काठापासून हात लांब करून, पाण्याखाली वीतभर, बुडबुडे संपेपर्यंत. बाटलीवर तारीख आणि त्या दिवशी कुठल्या शेतात काय फवारलं ते लिहा.

नाना म्हणाले, तारीख मी टाकीन, पण बाकीचं चार शेतांत विचारावं लागेल.

मी त्यांना पेन दिला.